मुरणे आणि कुजणे

अन्न बिघडण्याच्या किती तऱ्हा मराठीने वेगवेगळ्या ओळखून ठेवल्या आहेत! दूध नासते, वरण विटते, लोणी खवट होते, भात आंबतो, पाला कुजतो. या सगळ्या घसरणीत एकच क्रियापद मानाने उभे आहे, ते म्हणजे मुरणे. लोणचे मुरते, माणूसदेखील एखाद्या कामात मुरतो आणि लोक त्याचा सल्ला घेऊ लागतात. पाल्याच्या बाबतीत पाहू गेल्यास कुजणे काय आणि मुरणे काय, दोन्ही सूक्ष्म जंतूंचीच करणी. कोणत्या जंतूंना आत घेतले आणि कोणाला दाराबाहेर ठेवले, एवढ्यावर सारे अवलंबून असते. कोल्हापूर-सांगलीकडचे, नगरकडचे दूधवाले शेतकरी हिरवा मका कापून, दडपून, हवा कोंडून ठेवतात आणि त्याला मुरघास म्हणतात. आपल्याकडे भोपाळात हिंदीने ‘साइलेज’ हा इंग्रजी शब्द तसाच उचलून घेतला. मुरघास हा शब्द ज्या कोणी प्रथम उच्चारला, त्याला गवताविषयी आणि भाषेविषयी सारखीच समज असली पाहिजे.

हा शब्द मला निवृत्तीनंतर उपयोगी पडला, आणि तोही गायी-म्हशींच्या नव्हे, तर डुकरांच्या संदर्भात. विषय ऐकून कोणी नाक मुरडले तर माझी तक्रार नाही, आमच्या सौ.नेही ते प्रथम मुरडलेच होते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची घराणी १९५६ साली भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून सरकारी दप्तरांच्या पाठोपाठ येथे आली. काही पुढे भेलच्या कारखान्यामुळे आली. या दोन-तीन पिढ्यांत डुकराशी आपला संबंध किती आला? पाहुणे आले म्हणजे आपण त्यांना सांची दाखवतो आणि तसेच पुढे विदिशेजवळच्या उदयगिरीला नेतो. तेथे पाचव्या लेण्यात गुप्तकाळातला तो प्रचंड वराह पृथ्वीला आपल्या सुळ्यावर तोलून उभा आहे. आपण हात जोडतो, छायाचित्र काढतो आणि संध्याकाळी घरी परत येताना वसाहतीच्या नाल्याकाठी तोच प्राणी दिसला की मोटारीच्या काचा वर करतो. यात ढोंग आहे असे मला म्हणायचे नाही. दगडातल्या वराहाला पोट नाही, एवढाच फरक. आणि मला लिहायचे आहे ते पोटाविषयीच.

बँकेत मी ग्रामीण कर्जांचे काम पाहत असे. गरिबांसाठीच्या योजनांतून वराहपालनाची प्रकरणे अधूनमधून टेबलावर येत. प्रत्येक प्रकरणासोबत एक आर्थिक तक्ता जोडलेला असे आणि त्यात आहाराचा एक रकाना असे. मका इतका, सोयाबीनची पेंड इतकी, क्षारमिश्रण इतके, भाव अमुक, खर्च तमुक. तक्ता नेहमी नफ्यात असे. पुढे तपासणीसाठी वस्तीवर गेले की कळे, की कागदावरचे डुक्कर मका आणि पेंड खाते, प्रत्यक्षातले मात्र उष्टे. सोयाबीनच्या पिकाने ज्या मध्य प्रदेशाची शेती गेल्या अर्धशतकात पालटून टाकली, ज्याची पेंड जगभरच्या डुकरांचे आणि कोंबड्यांचे मुख्य प्रथिन आहे, त्याच प्रदेशातल्या डुकरे पाळणाऱ्याला ती पेंड परवडत नाही. ही गोष्ट मला तेव्हाही टोचत असे; पण रकाना भरलेला असला की प्रकरण पुढे सरकत असे.

आता आम्ही कोलार भागात राहतो. आमच्या वसाहतीच्या मागच्या नाल्यापलीकडे एक कुटुंब आहे. म्हातारी आई, मुलगा, सून आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. मूळचे बांबूच्या टोपल्या विणणारे. प्लास्टिकने तो धंदा बुडवल्यावर डुकरे तेवढी उरली. लहानमोठी मिळून पंधरा-सोळा. मुलगा लग्नसराईत रात्री बारानंतर सायकल-ठेला घेऊन मॅरेज गार्डनच्या मागच्या दाराशी उभा राहतो आणि पत्रावळींतले, भांड्यांतले उरलेसुरले पिंपात भरून आणतो. एरवी ढाबे आणि हॉटेले. डुकरांच्या अंगावर मांस चढते ते आपल्याकडच्या लग्नांत वाया गेलेल्या पुऱ्यांचे. शहर जे टाकते त्याचे हे कुटुंब अन्न करते, आणि शहर त्याच कुटुंबाला घाण करणारे म्हणते. आमच्या वसाहतीच्या बैठकीतही त्या वस्तीविरुद्ध अर्ज करण्याचा विषय दोनदा निघाला होता.

ऑगस्ट २०२२ मध्ये रीवा शहरात डुकरे मरू लागली. दोन आठवड्यांत दोन हजारांहून अधिक मेली. नमुने भोपाळला आले आणि निदान झाले आफ्रिकन स्वाइन फीव्हरचे. हे निदान करणारी संस्था आपल्याच गावात, आनंदनगरला आहे: राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचे ज्या प्रयोगशाळेने सांगितले, तीच ही. २०२० साली आसाम आणि अरुणाचलातील डुकरांचा आजार हा प्रथमच भारतात शिरलेला आफ्रिकन ताप आहे, हेही येथेच सिद्ध झाले. त्या भिंतींवरून आपण कितीदा गेलो असू. आत देशभरच्या जनावरांचे भवितव्य काचेच्या नळ्यांत ठरत असते.

या तापाची नोंद प्रथम १९२१ साली केनियात झाली. माणसाला तो होत नाही. डुकराला झाला तर उपचार नाही, आणि कळपातली जवळजवळ सगळी जनावरे जातात. एका ठिकाणी रोग सापडला की भोवतालच्या एक किलोमीटरमधली उरलीसुरली डुकरेही मारावी लागतात; म्हणजे शेजाऱ्याने केलेल्या खरेदीची किंमत आपल्याला मोजावी लागते. आणि हा विषाणू मोठा चिवट. कच्च्या, खारवलेल्या किंवा गोठवलेल्या मांसात तो महिनोन् महिने टिकतो. रोगी डुकराच्या मांसाचा तुकडा उष्ट्याच्या पिंपात पडला आणि ते पिंप न उकळता डुकरांपुढे रिकामे झाले, एवढे त्याला पुरते. उष्ट्याचा हा धोका एकट्या या तापापुरता नाही. २००१ साली इंग्लंडात लाळ-खुरकताची जी प्रचंड साथ आली, तिचा उगम डुकरांना घातलेल्या उष्ट्यातच असल्याचा निष्कर्ष निघाला, आणि त्या वर्षी तेथे उष्टे खाऊ घालण्यावर बंदी आली. आपल्याकडे सल्ला आहे तो असा, की द्यायचेच असेल तर नीट उकळून द्यावे. सल्ला अगदी योग्य आहे; फक्त पिंपभर उष्टे रोज उकळायला सरपण कोठून आणायचे, ते त्यात लिहिलेले नाही.

रीव्याची बातमी वस्तीत पोचली तेव्हा म्हातारी मला म्हणाली, “बाबूजी, जूठन न दें तो क्या दें? पत्थर?” प्रश्न रास्त होता. बँकेच्या त्या जुन्या रकान्याचाच तो प्रश्न होता; फक्त आता तो एका माणसाच्या तोंडून आला होता.

उत्तराचा एक तुकडा करोंद मंडीत पडलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत फुलकोबीचे ढीग उतरतात तेव्हा गड्ड्याभोवतीची पाने तेथेच तोडून टाकली जातात. मुळ्याचा पाला, बिटाचा पाला यांचीही तीच गत. देवउठनी ग्यारशीला ऊस आणि शिंगाड्यांबरोबर शकरकंदाच्या, म्हणजे आपल्या रताळ्यांच्या राशी लागतात. त्यांचे वेल मात्र शेतातच राहतात. रताळ्याच्या कोवळ्या पानांत, पाणी वगळून उरलेल्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक प्रथिन असते. डुकरे ताजा पाला आवडीने खातात. अडचण अशी की तो सगळा एकदम येतो. दोन महिने सुकाळ आणि नंतर उन्हाळाभर नाल्याकाठी हिरवी काडी नाही. ढीग लावून ठेवावा तर चौथ्या दिवशी काळा पडून घाण येते. आणि वाळवावा तर पानाचा चुरा होऊन देठ तेवढे हाती राहतात. म्हणून मुरवायचा.

येथे गायीचा हिशेब डुकराला लावता येत नाही, हे सांगितले पाहिजे. गायीच्या पोटात आंबवण्याचा एक मोठा रांजणच असतो; ताटे-कडबा सगळे त्यात जाते आणि तेथले जंतू त्याचे अन्न करून देतात. डुकराचे पोट आपल्यासारखे, एकाच कप्प्याचे. चोथा त्याला फारसा पचत नाही; मोठ्या आतड्यात थोडाफार पचतो, तोही वाढत्या वयाबरोबर. मक्याच्या ताटांचा मुरघास गायीला चालेल. डुकरासाठी पानेच हवीत, देठ शक्यतो नकोत. दूध पिणाऱ्या किंवा नुकत्याच तोडलेल्या पिलांना तो देऊ नये. वीस-पंचवीस किलोच्या वर गेलेले, वाढीला लागलेले जनावर हाच त्याचा खरा गिऱ्हाईक.

आता कृती. फुलकोबीच्या किलोभर पानात नऊशे ग्रॅमच्या आसपास पाणीच असते, म्हणून पाने तोडली की दिवसभर उन्हात पसरून मलूल होऊ द्यायची. ही पायरी टाळली तर पिंपात पाणी सुटते, नको ते जंतू माजतात आणि उघडल्यावर खवट लोण्यासारखा दर्प येतो. मग बोटभर लांबीचे तुकडे करायचे. शंभर किलो मलूल पानांना तीन ते पाच किलो मळी, नाहीतर पाच-दहा किलो तांदळाचा कोंडा, आणि अर्धा किलो मीठ. मळीतली साखर हे दुधाम्ल करणाऱ्या जंतूंचे खाद्य. हेच कुळ आपल्या दह्यात असते आणि होळीच्या सुमारास भोपाळात घरोघरी होणाऱ्या गाजराच्या कांजीतही असते. कोंडा साखरेबरोबर पाणीही शोषतो. मग थरावर थर घालून पायांनी इतके तुडवायचे की हवा राहू नये. वर प्लास्टिक, त्यावर मातीच्या गोण्या, आणि तीन आठवडे झाकणाला हात लावायचा नाही. जंतू आम्ल तयार करतात, त्या आम्लात कुजवणारे जंतू तग धरत नाहीत, आणि पाला जसाच्या तसा थांबून राहतो. हवा शिरली नाही तर महिनोन् महिने.

हे सारे मी आमच्या सौ.ला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “यात नवीन ते काय? बरणी कोरडी हवी, फोडी दडपून भरल्या पाहिजेत, वर तेलाचा तवंग राहिला पाहिजे आणि दादरा बांधल्यावर मुलांनी बोटे घालता कामा नयेत.” नाक मुरडणे त्या दिवसापासून कमी झाले. माझ्या पुस्तकी टिपणांपेक्षा वस्तीतल्या सुनेला ही तुलना अधिक चटकन पटली. आंब्याचे लोणचे तिच्याही घरी घालतात.

जगात हे नवे नाही. फिनलंडच्या विर्तानेन यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात हिरव्या चाऱ्यात आम्ल घालून तो हिवाळाभर टिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीचा मोठा वाटा होता. गवत टिकवण्यासाठी नोबेल, हे वाचून मला फार बरे वाटले होते. नेपाळी लोक मोहरी, मुळा आणि फुलकोबीचा पाला मडक्यात दडपून आंबवतात, मग वाळवतात, तो गुंद्रुक. त्याचे सार करून माणसे खातात. आमच्या वसाहतीच्या नेपाळी चौकीदाराला मी पिंपाची हकिकत सांगितली तेव्हा तो काहीसा दुखावला, आणि त्याचे दुखावणे समजण्यासारखे होते. व्हिएतनाममध्ये छोटे शेतकरी रताळ्याच्या वेलांवर डुकरे वाढवत आले आहेत. आपल्या ईशान्य भारतातही बायका अळू आणि रताळ्याचे वेल चिरून डुकरांसाठी रोज चुलीवर शिजवतात. मुरवलेल्या पानांना शिजवावे लागत नाही. म्हणजे लाकूड वाचते आणि बाईचा वेळ वाचतो. व्हिएतनाममध्येच कसाव्याची पानेही मुरवतात. त्यांत विष असते, सायनाइडच्या जातीचे. चिरून मुरवल्यावर ते पुष्कळ उतरते. कसावा म्हणजे कोण, तर ज्याच्या कंदापासून तमिळनाडूतल्या सेलमकडे आपला साबुदाणा तयार होतो तोच. एकादशीच्या दिवशी आपल्या ताटात जे दोन मान्यवर असतात, रताळे आणि साबुदाणा, त्या दोघांचाही पाला डुकराचा आहार आहे, ही माहिती मी घरातल्या वडीलधाऱ्यांना अद्याप दिलेली नाही.

मुलाने २०२२ च्या डिसेंबरात पहिले पिंप भरले. निळे, दोनशे लिटरचे, भंगारवाल्याकडून घेतलेले. त्यात आधी काय होते, हे त्याच्या आईने तीनदा विचारून घेतले. पिंपात सरबताचे रसायन नव्हे, सरबतच होते याची खात्री झाल्यावरच ते दारात आले. १९८४ पाहिलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

तीन आठवड्यांनी झाकण काढले तेव्हा मीही गेलो होतो. रंग शेवाळी-पिवळट, वास आंबूस, थोडा ताकासारखा. वरचा चार बोटांचा थर बुरशीने पांढरा झाला होता. तो त्याने खरवडून खड्ड्यात पुरला. डुकरांनी पहिल्या दिवशी हुंगून पाठ फिरवली. चोकरात मूठभर मिसळून दिल्यावर दुसऱ्या दिवशी खाल्ले, आणि आठवड्याभरात पिंपाचा आवाज ऐकून ओरडू लागली. तीस किलोच्या जनावराला दिवसाला किलोभर, त्याहून अधिक नाही. बाकीचे पोट चोकर, कोंडा आणि मक्याचा भरडा यांनीच भरायचे. मुरवलेला पाला हा पुरता आहार नव्हे. पानांच्या प्रथिनात काही घटक भरपूर असतात, काही तोकडे. मिथिओनिन हे त्यांतले तोकडे. त्यामुळे थोडी पेंड घ्यावीच लागते. फुलकोबीच्या कुळातल्या पाल्यात गंधकाची काही द्रव्ये असतात, ती फार झाली तर गळ्यातल्या ग्रंथीला बाधतात, म्हणूनही हात आखडता हवा. आणि मंडीतल्या पानांवर फवारणी झालेली असते. मुरवल्याने ते औषध नाहीसे होते असे कोणी समजू नये. मुलगा आता बाहेरची दोन पाने टाकून देतो आणि उरलेली धुतो. पाण्याचा तेवढा खर्च वाढला.

उष्टे बंद झाले का, असे मला वसाहतीत विचारतात. नाही झाले. पंधरा जनावरांचे वर्ष चार पिंपांवर निघत नाही. पण पिंपे भरलेली असली की उष्ट्यावरची ओढ कमी होते आणि निवड करता येते. मांसाहारी लग्नाच्या दाराशी तो आता ठेला नेत नाही. शाकाहारी उरलेले तेवढे आणतो, आणि तेही उकळून देतो. एवढे सरपण त्याला जमते. २०२१ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर माद्या आणि दहा नरांच्या प्रकल्पाला तीस लाखांपर्यंत अनुदान मिळते, हे मी त्याला सांगितले होते. तो हसला. त्याच्याकडे तीन माद्या आहेत. त्याला पाहिजे होती दोन पिंपे आणि पाला कापायचे एक यंत्र. यंत्राचे पैसे आम्ही वसाहतीतल्या चौघांनी मिळून उसने दिले. बँकेच्या भाषेत तारणाशिवाय. त्या चौघांतले एक जण अर्ज करण्याच्या बाजूचे होते.

नवा प्रश्न गेल्या थंडीत उभा राहिला. फुलकोबीची पाने आजवर मंडीतला माणूस आपण होऊन ठेल्यात भरून देत असे. उचलून नेणाऱ्याचे उपकारच मानीत असे. आता चार-पाच जण गोण्या घेऊन येऊ लागले, त्यांत म्हशीवालेही आहेत, आणि त्याने गोणीला दहा रुपये मागितले. मुलाने हिशेब घालायला मला बोलावले. दहाला परवडते, पंधराला परवडणार नाही. म्हातारी मध्येच म्हणाली, “पत्तों का भी भाव लग गया,” आणि सुपातले निवडणे तसेच ठेवून बराच वेळ पिंपाकडे पाहत राहिली. शेवटी असे ठरले, की पलीकडच्या गावात एका ओळखीच्या शेतकऱ्याने रताळी लावली आहेत, त्याला वेल काढून देण्याची मजुरी म्हणून वेलच मागायचे. तो काय म्हणतो ते ग्यारशीनंतर कळेल.